साल्हेरचा धुरळा आणि पडद्यावरची लढाई

सन १६७२ च्या सुरुवातीला बागलाणात साल्हेरच्या पायथ्याशी मराठे आणि मोगल यांची मोठी लढाई झाली. समजा, त्या दिवशी कोणी कॅमेरा घेऊन तिथं उभा असता, तर त्याला काय टिपता आलं असतं? बराच वेळ नुसती धूळ. कृष्णाजी अनंत सभासदाने पुढे जिंजीला राजाराम महाराजांच्या काळात बखर लिहिली, तिच्यात या लढाईचं वर्णन आहे. दिवसाचे चार प्रहर झुंज चालली आणि धुरळा असा उठला की तीन कोसांच्या टापूत आपला कोण नि परका कोण हे ओळखू येईना, असं तो सांगतो. चार प्रहर म्हणजे बारा तास. तीन कोस म्हणजे आजच्या हिशेबाने नऊ-दहा किलोमीटर.

बखरकार आकडे सैल हाताने देतात. दोन्ही बाजूंची मिळून दहा हजार माणसं पडली, हा सभासदाचा आकडा तसाच धरावा असं मी म्हणणार नाही. पण धुरळा ही गोष्ट कोणी मुद्दाम रचून सांगत नाही. तिच्यामुळे कोणाचं शौर्य वाढत नाही आणि कोणाचा मोठेपणाही सिद्ध होत नाही. बागलाणातली जमीन, थंडी सरत आलेली, खरिपानंतर उघडी पडलेली शेतं आणि हजारो घोड्यांच्या टापा, एवढं डोळ्यांसमोर आणलं की सभासदाचं वाक्य पटतं. ज्याने लढाई पाहिली त्याच्याकडून किंवा पाहणाऱ्याच्या तोंडून ऐकूनच अशी गोष्ट लिहिली जाते.

मोठ्या खर्चाच्या युद्धपटाची अडचण इथंच सुरू होते. निर्मात्याने शेकडो घोडे आणलेले असतात, हजारोंची गर्दी संगणकावर उभी केलेली असते, प्रत्येक तलवार कलादिग्दर्शकाने पारखून घेतलेली असते. हे सगळं धुळीत बुडवून प्रेक्षकाला काहीच दिसू द्यायचं नाही, असं कोण करील? म्हणून पडद्यावरच्या लढाईत हवा नेहमी स्वच्छ असते. कॅमेरा घारीसारखा वर जातो, दोन्ही फौजा पटावरच्या सोंगट्यांसारख्या मांडलेल्या दिसतात, आणि सेनापतीला जे कधीच दिसलं नसतं ते तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाला दिसतं.

रंगांचंही तसंच. चित्रपटात आपली फौज भगव्या-पांढऱ्यात आणि शत्रूची फौज हिरव्या-काळ्यात असते. सतराव्या शतकातल्या दख्खनी लढाईत असे गणवेश नव्हते. साल्हेरला मोगलांच्या बाजूने रजपूत होते, पठाण होते. मोगलांच्या चाकरीत मराठे सरदारही असत. कोण कोणाचा हे ओळखायचं ते निशाणावरून, नौबतीच्या आणि कर्ण्याच्या आवाजावरून, आरोळीवरून. धुरळ्यात निशाणही दिसेनासं झालं की कानांवर भिस्त. त्यामुळे साल्हेरसारखी लढाई डोळ्यांइतकीच कानांनी लढली गेली असणार. आपल्या चित्रपटांत मात्र त्या आवाजांच्या जागी एकसुरी ढोलताशे आणि पार्श्वसंगीत येतं.

साल्हेर हा नाशिक जिल्ह्यातल्या सटाणा तालुक्यातला किल्ला. उंची १,५६७ मीटर. महाराष्ट्रात कळसूबाईच्या खालोखाल. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्याचे जे बारा किल्ले गेले, त्यांत तो आहे. तरी नाशिकच्या रस्त्यावर दहा जणांना विचारा, साल्हेरची लढाई कशामुळे मोठी, तर उत्तर येणं कठीण. ती मोठी अशासाठी की मराठ्यांनी ती मोकळ्या मैदानात, मोगलांच्या मोठ्या फौजेशी समोरासमोर लढून जिंकली. मराठे म्हणजे फक्त गनिमी कावा, झाडीतून उडी आणि खिंडीत कोंडी, ही जी ठरावीक प्रतिमा आहे, तिला साल्हेरने तेव्हाच छेद दिला होता. मोगलांनी किल्ल्याला वेढा घातलेला. तो उठवण्यासाठी मोरोपंत पिंगळे कोकणाकडून आणि प्रतापराव गुजर वरघाटाकडून आले. दोन फौजा दोन वाटांनी निघून एकाच मुक्कामी वेळेवर पोचल्या, निरोप्यांच्या आणि जासुदांच्या भरवशावर. मला विचाराल तर या लढाईतलं खरं नाट्य ते आहे, आणि त्यात तलवार कुठेच नाही.

याच लढाईत सूर्यराव काकडे पडले. शिवाजी महाराजांचे जुने सवंगडी. सभासद सांगतो, ते जंबुरक्याच्या गोळ्याने गेले. जंबुरका म्हणजे उंटाच्या पाठीवर बसवलेली, फिरवता येणारी हलकी तोफ. हा तपशील फार बोलका आहे. चित्रपटातला वीर नेहमी नाव घेण्याजोग्या शत्रूच्या हातून मरतो. दोघांची नजरानजर होते, दोन संवाद होतात, मग वार. सूर्यरावांना मारणाऱ्याचं नाव कोणाला ठाऊक नाही. बहुधा त्या गोलंदाजालाही आपण कोणाला मारलं हे कळलं नसेल. दारूगोळा आल्यापासून बहुतेक शूर माणसं अशीच मेली. पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले. ती कोणाची, हे कोणीच सांगू शकत नाही.

घोड्यांबद्दल थोडं. मराठ्यांचं घोडं म्हणजे प्रामुख्याने भीमथडी तट्टू, भीमेच्या खोऱ्यातलं. अंगाने लहान, काटक, कमी दाणावैरणीवर भागवणारं, डोंगर चढणारं. अलीकडे या जातीला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली. चित्रपटात दिसतात ते बहुधा उंच, तुकतुकीत घोडे. रुबाबदार, पण ते वेगळ्या कामाचे. त्यात पडद्यावरचे घोडे मैलभर चौखूर उधळत येतात आणि भाल्यांच्या भिंतीवर आपटतात. खरा घोडा शहाणा असतो. घट्ट उभ्या राहिलेल्या माणसांच्या रांगेवर तो सहसा जाऊन आदळत नाही, ऐनवेळी बाजूला वळतो. आणि मैलभर दौडवलेला घोडा हातघाईच्या वेळी धापा टाकत असतो. म्हणून अनुभवी स्वार शेवटच्या टप्प्यापर्यंत घोडा दुडक्या चालीने आणत.

नाशिकला चित्रपटावर बोलायचा हक्क जरा जास्तच आहे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले, १९१८ नंतर त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकमध्ये चालली, आणि १९४४ साली ते इथंच वारले. फाळक्यांना ऐतिहासिक लढायांपेक्षा पुराणातल्या चमत्कारांची ओढ होती, आणि कॅमेऱ्याची जादू त्यांनी त्यासाठीच वापरली. ‘लंकादहन’ पाहणाऱ्याला हे खरं की खोटं, असा प्रश्न पडत नव्हता. पुराणकथेला पुरावा लागत नाही. इतिहासाला लागतो, आणि मराठी चित्रपट इतिहासाकडे वळला तेव्हा कॅमेऱ्याची तीच जादू त्याने बरोबर नेली.

कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला. त्यात रात्रीची दृश्यं कृत्रिम प्रकाशात घेतली होती, आणि हे त्या काळात भारतात नवंच होतं. चित्रपटाच्या इतिहासात ही गोष्ट तंत्राचा पराक्रम म्हणून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. मला तिच्यात दुसरंही काही दिसतं. तानाजी मालुसऱ्यांची कोंढाण्याची, म्हणजेच सिंहगडाची, चढाई झाली माघ वद्य नवमीला, ४ फेब्रुवारी १६७० रोजी. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटताना उगवतो. म्हणजे रात्रीचा पहिला निम्मा भाग काळोखाचा, आणि मावळ्यांना हवा होता तोच काळोख. चित्रपटाला मात्र उजेडाशिवाय गत्यंतर नाही. त्यामुळे गेली शंभर वर्षं पडद्यावरचा कोंढाणा निळसर चांदण्यात न्हाऊन निघतो आहे.

सभासदाच्या बखरीत कडा चढून जाण्याचं वर्णन आहे. दोन मावळे वानरासारखे चढले आणि त्यांनी वर जाऊन माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली असा त्याचा सूर. कड्यावर दोर चढवणाऱ्या घोरपडीचं नाव त्याने घेतलेलं नाही. ती आली पोवाड्यातून आणि मग शाळेच्या पुस्तकांतून. घोरपड काढली तर लोकांना चुकल्यासारखं वाटेल, हे निर्माते जाणतात. माझी तिच्याबद्दल तक्रार नाही. लोककथेने दिलेली वस्तू लोककथा म्हणून पडद्यावर आली तर इतिहासाचं फारसं बिघडत नाही, कारण चढाई का झाली आणि कशी जिंकली, याचं उत्तर घोरपडीने बदलत नाही.

तोफेने मात्र बदलतं. १० जानेवारी २०२० ला प्रदर्शित झालेल्या ओम राऊतांच्या ‘तान्हाजी’मध्ये मोगलांचा किल्लेदार उदेभान एक अजस्र तोफ कोंढाण्यावर आणतो. नाव ‘नागीण’. तिचं तोंड राजगडाकडे, आणि ती डागली जाण्याआधी तिला रोखणं हा शेवटच्या अर्ध्या तासाचा श्वास. आता नकाशा उघडा. सिंहगड ते राजगड हे सरळ रेषेतलं अंतर सुमारे १५ किलोमीटर आहे. सतराव्या शतकातल्या मोठ्या तोफेचा उपयोगी पल्ला एक-दोन किलोमीटर. कितीही ताणला तरी तीन-चारच्या पुढे नाही. पंधरा किलोमीटरवरच्या डोंगरावर गोळा टाकायचा तर काय लागतं, हे पाहायला नाशिककरांना लांब जावं लागत नाही. देवळालीच्या तोफखाना विद्यालयात वापरली जाणारी भारतीय बनावटीची १०५ मिलिमीटर मैदानी तोफ साधारण १७ किलोमीटरपर्यंत मारा करते. म्हणजे ‘नागीण’ला विसाव्या शतकातली पोलादी नळी, धूरविरहित स्फोटक आणि वेगाने गरगरत जाणारा, टोकदार गोळा एवढं सगळं हवं होतं. उदेभानाजवळ होती काळी दारू आणि दगडाचे किंवा लोखंडाचे वाटोळे गोळे.

त्या रात्री कोंढाण्यावरून राजगडापर्यंत एक गोष्ट मात्र खरोखर पोचली. सभासद सांगतो की गड घेतल्यावर मावळ्यांनी पागेच्या खणांना आग लावली आणि तिचा उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला. गड घेतल्याचा हा निरोप. चित्रपटासाठी याहून चांगलं दृश्य कोणी लिहून दिलं असतं? बखरीत ते आयतं पडलेलं असताना त्याच्या जागी तोफ घालायचं कारण एकच, की आजच्या प्रेक्षकाला स्फोट थांबवण्याच्या शर्यतीची सवय लागली आहे. पण त्यामुळे कोंढाण्याचं महत्त्वच हरवतं. तो किल्ला हवा होता तो पुण्याच्या मुलुखावर त्याची नजर होती म्हणून. पुरंदरच्या तहात गेलेले किल्ले परत घेण्याच्या मोहिमेतलं ते मोठं पाऊल होतं. राजकारणाच्या जागी यंत्र आलं की तानाजी मालुसरे सेनानी राहत नाहीत, बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकाचे प्रमुख होतात.

देवळालीचं नाव निघालंच आहे तर तिथं जरा थांबू. तोफखान्याचं हे विद्यालय फाळणीच्या आधीच, आता पाकिस्तानात असलेल्या काकूलहून देवळालीला आलं. नाशिकरोड कॅम्पला तोफखान्याचं केंद्र आहे. भगूर, देवळाली कॅम्प या भागात सरावाचा दणका लोकांच्या अंगवळणी पडलेला आहे. वर्षातून एकदा ‘तोपची’ नावाचं मोठं प्रात्यक्षिक होतं; त्यात बोफोर्सपासून के-९ वज्र आणि पिनाकापर्यंत सगळं डागून दाखवतात. युद्धपटांच्या दिग्दर्शकांनी ते एकदा पाहावं, आणि पाहण्यापेक्षा ऐकावं. दूरवर गोळा फुटल्याचा झोत आधी दिसतो, आवाज नंतर येतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे दहा किलोमीटरवरच्या स्फोटाचा आवाज यायला जवळजवळ तीस सेकंद लागतात. पडद्यावर मात्र क्षितिजावरचा स्फोट आणि त्याचा आवाज नेहमी एकाच क्षणी होतात.

रंगाचंही पाहा. चित्रपटातला गोळा पडला की नारिंगी आगीचा लोळ उठतो. तो असतो पेट्रोलचा किंवा तशाच एखाद्या ज्वलनशील पदार्थाचा. तो दिसायला भडक आणि कॅमेऱ्यासमोर सांभाळायला सोपा. खऱ्या उच्च स्फोटकाच्या गोळ्याचा झोत क्षणभराचा. त्यानंतर उरतो तो करडा धूर, माती, दगड आणि वेगाने उडणारे पोलादाचे तुकडे. माणसं मरतात ती मुख्यतः त्या तुकड्यांनी, आणि ते डोळ्याला दिसतही नाहीत. शिवकाळातला साधा गोळा तर फुटतच नसे. भरीव लोखंडाचा गोळा जमिनीवर आपटत, उसळत, रांगेतल्या माणसांचे पाय तोडत पुढे जाई. काळ्या दारूचा धूर मात्र प्रचंड. जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग घन कणांच्या रूपात हवेत पसरतो. दोन-चार बार झाले की तोफच्याला समोरचं काही दिसत नाही. धूळ आणि धूर, दोन्ही वजा करूनच पडद्यावरची लढाई उभी राहते.

आधुनिक तोफखान्याची गोष्ट चित्रपटाला त्याहून अवघड जाते. तोफेपाशी उभा असलेला जवान लक्ष्य पाहतच नाही. ते डोंगरापलीकडे असतं. पुढच्या ठाण्यावरचा निरीक्षक अधिकारी दुर्बिणीतून पाहतो, बिनतारी यंत्रावरून आकडे सांगतो, मागे गणित होतं, नळीचा कोन बदलतो, गोळा जातो. कारगिलमध्ये १९९९ साली भारतीय तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. उंचावरच्या विरळ हवेत गोळे नेहमीपेक्षा लांब जात. त्या हवेचाही हिशेब करावा लागे. पायदळाने शिखरं घेतली, पण त्याआधी बोफोर्सनी ती शिखरं खिळखिळी केली होती. द्रासमधल्या ५१४० या शिखराला २०२२ साली ‘गन हिल’ हे नाव दिलं गेलं, ते याच कामाच्या आठवणीसाठी.

‘एलओसी कारगिल’ (२००३), ‘लक्ष्य’ (२००४), ‘शेरशाह’ (२०२१) या चित्रपटांचं लक्ष पायदळावर आहे, ते समजण्यासारखं आहे. कड्यावर चढणारा माणूस पडद्यावर उभा करता येतो, लघुगणकाची सारणी नाही. पण त्यामुळे एक पिढी असं धरून चालली की टायगर हिल वगैरे शिखरं दमदार आरोळी आणि छातीचा कोट यांवर घेतली गेली. तिथल्या हल्ल्यांची खरी पद्धत होती रात्रीची तासन्‌तास चढाई, गारठलेली बोटं, दबलेला आवाज आणि डोक्यावरून जाणारे आपल्याच तोफांचे गोळे. आरोळी द्यायची ती अगदी शेवटच्या काही मीटरांत.

‘बॉर्डर’बद्दल (१९९७) मात्र मी कडक बोलणार आहे, कारण तो चित्रपट लोकांना पाठ आहे. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली २३ पंजाबची एक कंपनी होती, सुमारे १२० जण. पाकिस्तानी रणगाडे चाळीसच्या वर. रात्रभर ठाणं टिकलं आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली, त्यांनी वाळूत रुतलेले रणगाडे टिपले. चित्रपटात ठाण्यावरचे एकामागून एक आपले लाडके जवान मरतात. प्रत्यक्षात कंपनीचे दोन जवान शहीद झाले. मेजर चांदपुरींना महावीरचक्र मिळालं आणि ते २०१८ पर्यंत हयात होते.

कोणी म्हणेल, चित्रपटाला करुण रस हवा. असेल. पण लोंगेवालाचं आश्चर्य नेमकं याच्यात आहे की इतकी कमी माणसं गमावून ते टिकलं. का टिकलं? एक कारण तर मोठं गमतीचं आहे. पाकिस्तानी पायदळाला ठाण्याभोवती काटेरी तार दिसली. तार आहे म्हणजे सुरुंग असणार, असं समजून ते थांबले आणि सुरुंग शोधणारी माणसं येईपर्यंत वेळ गेला. सुरुंग त्या तारेमागे नव्हतेच. अंधार, मऊ वाळू आणि एक गैरसमज यांनी रात्रीचे मोलाचे तास मिळवून दिले. याहून चांगली पटकथा कुठं मिळणार? ती सोडून ठाणं प्रेतांनी भरायचं, तर दिग्दर्शकाला शौर्य आणि मरण यांतला फरक नीट उमगलेला नाही असं म्हणावं लागतं.

हा दोष आपलाच आहे असं नाही. मेल गिब्सनच्या ‘ब्रेव्हहार्ट’मध्ये (१९९५) स्टर्लिंगच्या पुलाची लढाई आहे आणि पूलच नाही. १२९७ ची ती लढाई पुलामुळेच जिंकली गेली. इंग्रज फौज अरुंद पुलावरून थोडीथोडी येत होती, तिला अर्ध्यात गाठलं. पूल काढला की उरते ती मैदानातली हाणामारी. उलट रशियन दिग्दर्शक सर्गेई बोंदार्चुकने ‘वॉटर्लू’साठी (१९७०) सोव्हिएत सैन्यातले हजारो खरे जवान उभे केले, आणि तेवढी माणसं एका मैदानात चालताना काय होतं हे त्यात दिसतं. आपल्याकडे ‘मुघल-ए-आझम’च्या (१९६०) युद्धप्रसंगासाठीही सैन्यातले जवान वापरले होते. संगणकाने निर्माण केलेल्या गर्दीत हीच गोष्ट नसते. तिथं प्रत्येक जण पळतो आणि कोणीच अडखळत नाही.

अंतर आणि आग यांपेक्षाही चित्रपटाला जी गोष्ट जमत नाही ती म्हणजे वेळ. नाशिकपासून पंधरा किलोमीटरवर, दिंडोरीच्या वाटेला आशेवाडीशेजारी रामशेजचा किल्ला आहे. साल्हेरच्या मानाने बुटका, दोन तासांत चढून उतरता येईल असा. १६८२ साली औरंगजेबाने शहाबुद्दीनखानाला तो घ्यायला पाठवलं. किल्ला पाच वर्षांहून अधिक काळ झुंजला. किल्ल्यात धातूच्या तोफा नव्हत्या. लाकडाचे ओंडके पोखरून, चामड्याचा वापर करून तिथल्या लोकांनी तोफांचं काम भागवलं, असं खाफीखान हा मोगलांच्याच बाजूचा इतिहासकार लिहितो. मोगलांनी किल्ल्याच्या उंचीला टेकेल असा लाकडी दमदमा उभारला. उपयोग झाला नाही. शहाबुद्दीनखान गेला, बहादूरखान आला.

बहादूरखानाने एका बाजूने खोट्या हल्ल्याचा मोठा गलबला केला आणि दुसऱ्या बाजूने निवडक माणसं गुपचूप वर चढवली. किल्लेदाराने डाव ओळखला. गलबल्याच्या बाजूला त्यानेही वाद्यं वाजवून आरडाओरडा करवला आणि शांत बाजूला माणसं दबा धरून बसवली. वर आलेले पहिले जे मारले गेले, ते खालच्यांवर कोसळले. मग एका मांत्रिकाने बहादूरखानाला सांगितलं की किल्ल्यावर भुतांचा पहारा आहे. त्याच्या सांगण्यावरून शंभर तोळे सोन्याचा नाग घडवला गेला. नाग हातात धरून मांत्रिक फौजेच्या पुढे चालू लागला. गोफणीचा एक दगड त्याच्या छातीवर बसला, मांत्रिक एकीकडे आणि नाग दुसरीकडे. हे खाफीखान गंभीरपणे लिहितो, म्हणून आणखीच मजा येते. शेवटी किल्ला पडला तो पैशाने आणि फितुरीने.

शौर्य, विनोद, डावपेच आणि विश्वासघात असं सगळं एका लहानशा डोंगरावर आहे. पण रामशेजची खरी गोष्ट मधल्या दिवसांची आहे. धान्य कुठून आलं, पाणी किती पुरलं, पावसाळ्यात वेढा कसा सैल पडे, रात्री दोर सोडून कोण उतरे आणि कोण चढे. युद्धाचा नव्वद टक्के भाग असाच वाट पाहण्याचा असतो, आणि तोच संकलनाच्या टेबलावर कापला जातो. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ चा दिवस सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी नोव्हेंबरपासून मराठ्यांची रसद तुटत गेली, यात्रेकरू आणि बायकामुलं यांच्यासह छावणी उपाशी पडली. त्या सकाळी जी फौज गोल बांधून निघाली, ती उपाशीपोटी निघाली होती. आशुतोष गोवारीकरांच्या ‘पानिपत’मध्ये (२०१९) काय आणि इतरत्र काय, शेवटच्या दिवसाला मिळणारा वेळ आणि त्या अडीच महिन्यांना मिळणारा वेळ घड्याळ लावून मोजून पाहावा.

पालखेडचं तर चित्रण करणंच अवघड. थोरल्या बाजीरावांनी १७२८ साली निजामाला जड तोफा मागे सोडून आपल्या मागे धावायला लावलं आणि पालखेडला पाण्यावाचून कोंडलं. मोठी लढाई न होताच मुंगी-शेवगावचा तह झाला. हे पालखेड वैजापूरजवळचं. आपल्या धरणाचं पालखेड ते दिंडोरी तालुक्यातलं, आणि नाशिकला दोन्हींची गल्लत नेहमी होते. इंग्रज सेनापती मॉन्टगोमेरीने युद्धशास्त्राच्या आपल्या इतिहासात या मोहिमेची वाखाणणी केली. तलवारी न खणखणता जिंकलेली ही मोहीम बाजीरावांच्या कर्तृत्वाचा कळस मानली जाते. पडद्याला तिचं काय करावं ते कळत नाही.

एवढ्या गोष्टी असताना आपण चित्रपटांवरून भांडतो ते कशावर? ‘बाजीराव मस्तानी’च्या वेळी काशीबाई आणि मस्तानी यांच्या पिंग्यावर. ‘पानिपत’च्या वेळी राजस्थानात सूरजमलच्या चित्रणावर, आणि त्यासाठी चित्रपटाचा काही भाग कापावा लागला. ‘छावा’च्या (२०२५) वेळी लेझीमवर, आणि तेही दृश्य निघालं. मानापमानाचे हे वाद पूर्णपणे पोकळ आहेत असं मी म्हणत नाही. पण सिंहगडावरून राजगडावर गोळा जाईल का, हा प्रश्न घेऊन कोणी मोर्चा काढला नाही. नाचाला आपण इतिहासाच्या मापाने मोजतो आणि लढाईला टाळ्यांच्या. त्यामुळे निर्मात्यांनीही पक्कं ओळखलं आहे की नृत्यदिग्दर्शकाने जपून राहायचं, साहसदृश्यांच्या दिग्दर्शकाला मात्र मोकळं रान.

माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली आहे. वेळ आवळणं, दोन सरदारांचा एक करणं, काळोखात थोडा उजेड घालणं हे चालतं. त्याशिवाय चित्रपटच होणार नाही. कोण का जिंकला आणि किती माणसं गमावून जिंकला, हे मात्र बदलू नये. या कसोटीवर घोरपड पास होते, ‘नागीण’ नापास. स्वच्छ हवा जेमतेम पास. लोंगेवालाची प्रेतं नापास.

रामशेजवर चित्रपट काढायचा तर हत्ती लागत नाहीत, हजारोंची फौज लागत नाही आणि परदेशातून संगणकतज्ज्ञ आणावे लागत नाहीत. किल्ला जागेवर आहे, खाफीखान छापलेला आहे. ज्या निर्मात्याला ही गोष्ट करावीशी वाटेल, त्याने देवळालीतल्या एखाद्या निवृत्त तोफखाना अधिकाऱ्याला पटकथेच्या पहिल्या खर्ड्यापासून सोबत घ्यावं. युद्धदृश्यं चित्रित झाल्यावर त्याला बोलावून काही उपयोग नाही.